निळ्या रस्त्यांवरची दक्षिण

अमेरिका पाहून आलेला मराठी माणूस सहसा न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा आणि कॅलिफोर्निया यांविषयी बोलतो. अटलांटा त्याला ठाऊक असते ते विमान बदलण्याचे ठिकाण म्हणून, किंवा कुणी आप्त तिथे संगणक क्षेत्रात नोकरीला असतो म्हणून. त्या अटलांटाच्या पश्चिमेस अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्ये पसरली आहेत. त्यांतील लहान गावे तर खुद्द अमेरिकनांच्याही प्रवासाच्या बेतात क्वचितच असतात. वास्तविक त्या देशाच्या लोकशाहीचे गेल्या साठ-सत्तर वर्षांतील सर्वांत अवघड प्रयोग याच गावांत झाले, आणि त्यांचा निकाल अजून पुरता लागलेला नाही.

ही गावे पाहण्याची एक विशिष्ट रीत अमेरिकी लेखकांनी रूढ केली आहे. एकट्याने निघायचे, झोपण्यापुरती सोय असलेली गाडी घ्यायची आणि मोठे महामार्ग टाळायचे. १९६० मध्ये जॉन स्टाइनबेक आपल्या चार्ली नावाच्या कुत्र्याला बरोबर घेऊन असाच देशभर फिरला. न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या एका चिमुकल्या कृष्णवर्णीय मुलीला शिव्याशाप देणारा गोऱ्या बायकांचा जमाव त्याने पाहिला आणि त्याच्या प्रवासवर्णनाचा सूरच पालटला. १९७८ मध्ये विल्यम लीस्ट हीट-मून या इंग्रजीच्या अध्यापकाची नोकरी गेली, संसारही मोडकळीस आला. तेव्हा एक जुजबी सोयीची व्हॅन घेऊन तो सुमारे १३ हजार मैल भटकला. जुन्या नकाशांत मुख्य रस्ते लाल आणि आडरस्ते निळे दाखवत. म्हणून १९८२ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाचे नाव 'ब्लू हायवेज'. सेल्मा या गावी थांबून, तेरा वर्षांपूर्वीच्या मोर्चाने इथे काय बदलले, हे त्याने काळ्या-गोऱ्या दोघांनाही विचारले होते. २०१५ मध्ये पॉल थेरो याने 'डीप साउथ' या पुस्तकात याच भागातील खेड्यापाड्यांचे चित्र रेखाटले. करोनाच्या साथीनंतर तर व्हॅनमध्ये राहून फिरण्याची लाटच अमेरिकेत आली.

या प्रकारच्या भटकंतीतून एक समज मात्र हळूहळू घट्ट होत जातो. फळ्या ठोकून बंद केलेली दुकाने, रंग उडालेली चित्रपटगृहे, सुनसान रेल्वेस्थानके पाहून प्रवाशाला वाटते की काळाच्या ओघात ही गावे मागे पडली. त्याला कोण काय करणार? उदास पण सुंदर असे हे चित्र असते आणि त्यात दोषी कुणीच नसतो. हा समज तपासून पाहिला पाहिजे. या गावांच्या नशिबाच्या रेघा बऱ्याच अंशी नकाशावर ओढलेल्या आहेत. मतदारसंघ, महामार्ग, शाळा, रुग्णालय, सांडपाण्याची गटारे यांच्या रेघा माणसांनीच ठरवून आखल्या आणि कोण आत, कोण बाहेर हेही त्यांनीच ठरवले. अटलांटाहून निघून टस्किगी, माँटगोमेरी, लाउंड्स काउंटी, सेल्मा, मेरिडियन आणि पुढे मिसिसिपीचा डेल्टा असा आठशे-साडेआठशे किलोमीटरचा मार्ग धरला, तर ही गोष्ट टप्प्याटप्प्याने उलगडत जाते.

रस्ता कुणाला मोकळा?

'मोकळा रस्ता' हे अमेरिकनांचे जुने दैवत. गाडीत बसावे आणि मन मानेल तिकडे जावे, हे तिथे स्वातंत्र्याचे मूर्त रूप मानले जाते. परंतु हे स्वातंत्र्य सर्वांना सारखे कधीच नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोठे खोली मिळेल, कोठे जेवण वाढतील, कोठे पेट्रोल भरून देतील, याची ती यादी होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरल्यावरच तिची गरज संपली. स्टाइनबेक चार्लीला घेऊन निर्धास्त हिंडत होता, त्या वर्षीही ही पुस्तिका निघत होती, हे विसरता येत नाही. आजही रात्री रस्त्याकडेला व्हॅन लावून झोपलेल्या माणसाच्या काचेवर पोलिसाची काठी वाजते तेव्हा आत कोण आहे, त्याच्या कातडीचा रंग कोणता, यावर पुढचे संभाषण बरेचसे अवलंबून असते.

याच रस्त्यांवर इतिहासाने एक वेगळे वळण घेतलेले भारतीय प्रवाशाला दिसते. ज्या मोटेलांत एके काळी काळ्या माणसाला खोली नाकारली जाई, त्या प्रकारच्या अनेक मोटेलांच्या स्वागतकक्षात आज गुजराती कुटुंबे बसलेली असतात. आशियाई वंशाच्या हॉटेलमालकांची देशव्यापी संघटना १९८९ मध्ये अटलांटात स्थापन झाली. मीरा नायर यांच्या 'मिसिसिपी मसाला' या १९९१ च्या चित्रपटाची कथा डेल्टातील ग्रीनवुड गावी अशाच एका कुटुंबाभोवती घडते. रंगाच्या उतरंडीत आपण नेमके कोठे बसतो, हा त्या चित्रपटाने विचारलेला प्रश्न आपल्या लोकांना अजूनही अडचणीचाच वाटतो.

अठ्ठावीस बाजूंचे गाव

अटलांटाहून निघालेल्या महामार्गावरून दोन-सव्वादोन तासांत टस्किगी येते. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये इथे उभारलेल्या शिक्षणसंस्थेमुळे आणि तिथे भुईमूग, रताळ्यांवर संशोधन करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यामुळे हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. इथली दुसरी ओळख काळीकुट्ट आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाच्या रोगाचा 'अभ्यास' केला. औषध उपलब्ध झाल्यावरही रुग्णांना ते दिले नाही.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने टस्किगीचे तिसरे प्रकरण अधिक बोलके आहे. संस्थेमुळे गावात सुशिक्षित काळ्या मतदारांची संख्या वाढू लागली. तेव्हा १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. चौकोनी आकाराच्या गावाला अठ्ठावीस बाजूंचा वेडावाकडा आकार देण्यात आला. सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सारे एका रेघेनिशी गावाबाहेर गेले. गोरा मतदार मात्र एकही वगळला गेला नाही. प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हद्द घटनाबाह्य ठरवली.

ही हद्द आखणारा कायदा मांडणाऱ्या राज्य सिनेटरचे नाव सॅम एंगेलहार्ट. शाळांतील वर्णविलगीकरण टिकवण्यासाठी निघालेल्या गोऱ्यांच्या नागरिक परिषदेचा तो राज्यातील प्रमुख पदाधिकारी होता. पुढे हाच गृहस्थ अलाबामाच्या महामार्ग खात्याचा संचालक झाला. १९५६ च्या कायद्याने सुमारे ४१ हजार मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना मंजूर झाली होती आणि खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलणार होते. माँटगोमेरी शहरात ८५ क्रमांकाचा महामार्ग कोठून न्यावा, हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा एंगेलहार्टच्या खात्याने तो काळ्या मध्यमवर्गाच्या वस्तीतून नेला. १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस चाललेल्या बस बहिष्कारातील अनेक कार्यकर्त्यांची घरे त्याच भागात होती. रहिवाशांनी विरोध केला, दुसरा मार्ग सुचवला. उपयोग झाला नाही. मतदारांची रेघ न्यायालयाने पुसली. त्याच हाताने ओढलेली रस्त्याची रेघ काँक्रीटमध्ये कायम झाली. टस्किगीहून माँटगोमेरीकडे निघालेली व्हॅन ज्या गुळगुळीत रस्त्यावरून धावते, तो हाच रस्ता.

या महामार्गांनी पुढे आणखी एक निवड केली. १९९० नंतर दक्षिणेत परदेशी मोटार कंपन्यांचे कारखाने आले. मर्सिडीज टस्कलूसाजवळच्या व्हॅन्स गावी, ह्युंदाई माँटगोमेरीस, किया जॉर्जियातील वेस्ट पॉइंट येथे. राज्य सरकारांनी करसवलती आणि जमिनी देऊन त्यांना आणले. हे सर्व आंतरराज्य महामार्गांच्या काठाला आहेत. निळ्या रस्त्यांवरची गावे या नव्या समृद्धीच्या नकाशात आलीच नाहीत.

काळी माती आणि काळा चित्ता

माँटगोमेरीहून पश्चिमेला जाणारा ८० क्रमांकाचा जुना रस्ता लाउंड्स काउंटीतून जातो. इथून 'ब्लॅक बेल्ट' सुरू होतो. हे नाव आधी मातीवरून पडले, मग त्या मातीत राबणाऱ्या माणसांवरून रूढ झाले. ही काळी, चिकट जमीन पाहून वऱ्हाडच्या शेतकऱ्याला परके वाटू नये. कापसासाठी ती सोन्यासारखी; पण पाणी मात्र ती खाली झिरपू देत नाही.

१९६५ च्या आरंभी या काउंटीत दर पाच माणसांमागे चार कृष्णवर्णीय होते आणि मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. त्या वर्षी २५ मार्च रोजी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा संपल्यावर कार्यकर्त्यांना आपल्या गाडीतून पोहोचवणाऱ्या व्हायोला लियूझो या डेट्रॉइटच्या गोऱ्या गृहिणीची क्लू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी याच रस्त्यावर गोळ्या घालून हत्या केली. तिच्या स्मृतीचा दगड आज रस्त्याच्या कडेला उभा आहे. मतदार नोंदणी करणाऱ्या अर्धेलीच्या कुळांना जमीनदारांनी घराबाहेर काढले तेव्हा त्यांनी याच रस्त्यालगत तंबू ठोकून दिवस काढले.

त्या तंबूंच्या दिवसांतच इथे एक स्वतंत्र स्थानिक पक्ष उभा राहिला. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह आवश्यक असे. अलाबामातील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते. या नव्या पक्षाने काळा चित्ता निवडला. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी हे चिन्ह आपल्या 'ब्लॅक पँथर' पक्षासाठी घेतले आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने 'दलित पँथर' हे नाव स्वीकारले. आपल्याकडे पँथर म्हटले की ओकलंड आठवते. पण त्या नावाचे मूळ या कापसाच्या काळ्या रानात आणि मतपत्रिकेवरील एका चित्रात आहे. त्याही आधी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले होते. हे नाते जुने आहे.

याच चळवळीतून पुढे आलेले जॉन ह्युलेट १९७० मध्ये या काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले. ज्या पदाच्या नावानेही पूर्वी काळा माणूस थरथरत असे, ते पद त्यांच्या हाती आले. राजकीय क्रांती याहून निराळी काय असते? पण मैलापाण्याचा प्रश्न शेरीफच्या हाती नव्हता. विखुरलेल्या घरांना गटारयोजना पोहोचली नाही. काळ्या चिकण मातीत साधा सेप्टिक टँक चालत नाही आणि चालेल अशी यंत्रणा बसवण्यास कित्येक हजार डॉलर लागतात. परिणामी अनेक घरांचे मैलापाणी नळीवाटे मागच्या अंगणात सोडले जाते. सोय नाही म्हणून रहिवाशांवरच खटले भरण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तपासलेल्या रहिवाशांपैकी सुमारे एक तृतीयांशांच्या नमुन्यांत अंकुशकृमीचे अंश सापडले. हा रोग अमेरिकेतून गेला, असे मानले जात होते. या काउंटीतच वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न देशापुढे मांडला. २०२० मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. केंद्रीय न्यायखात्याने चौकशी करून मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने तो करार 'विविधता-समावेशन' धोरणाचा अवशेष ठरवून रद्द केला. मैलापाण्याला वर्ण नसतो. तरीही त्याचा निचरा कुठल्या घरापर्यंत करायचा, याचा निर्णय वर्णाच्या भांडणात अडकला.

सेल्मा : मत आले, माणसे गेली

लाउंड्समधून हा रस्ता सेल्माला पोहोचतो. अलाबामा नदीवरच्या तिथल्या पुलाला एडमंड पेटस या बंडखोर सेनेच्या सेनापतीचे नाव आहे. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाचा हक्क मागणाऱ्या सुमारे ६०० निःशस्त्र लोकांना राज्य पोलिसांनी या पुलापाशी झोडपून काढले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य देशाने पाहिले आणि पाच महिन्यांत, ६ ऑगस्ट रोजी, मतदान हक्क कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. त्या वेळी सेल्मा ज्या डॅलस काउंटीत येते, तिथे मतदानाच्या वयाच्या काळ्या नागरिकांपैकी दोन टक्क्यांच्या आसपास लोकांचीच नोंदणी होती.

दर वर्षी मार्चमध्ये नेतेमंडळी या पुलावरून चालतात. इतर दिवशी येणाऱ्या प्रवाशाला दिसते ते गाव वेगळे असते. १९६० मध्ये सेल्माची लोकसंख्या २८ हजारांवर होती; २०२० च्या जनगणनेत ती १८ हजारांच्याही खाली आली. १९७७ मध्ये इथला क्रेग हवाई दलाचा तळ बंद झाला आणि गावाचा मोठा रोजगारदाता गेला. आंतरराज्य महामार्ग या गावाला स्पर्श करत नाही. १९६५ मध्ये महापौर असलेल्या जो स्मिदरमन यांना मधला अल्पकाळ वगळता २००० पर्यंत पदावरून कुणी हलवू शकले नाही. त्या वर्षी जेम्स पर्किन्स हे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. तोवर तिजोरीत फारसे काही उरले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये चक्रीवादळाने गावाच्या मध्यभागाची आणखी दैना केली. सत्ता हाती येईपर्यंत सत्तेचा पाया खचलेला असावा, हा अनुभव दक्षिणेतील अनेक गावांचा आहे.

मताची रेघही पुन्हा वाकवण्यात आली. १९६५ च्या कायद्यानुसार वर्णभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी लागे. बर्मिंगहॅमच्या उपनगरांनी भरलेल्या सुखवस्तू शेल्बी काउंटीने याला आव्हान दिले आणि २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही व्यवस्था निकालात काढली. पुढच्याच वर्षी अलाबामात मतदानासाठी छायाचित्र ओळखपत्र सक्तीचे झाले आणि २०१५ मध्ये वाहन परवाना देणारी ३१ छोटी कार्यालये काटकसरीच्या नावाखाली बंद करण्याचे राज्याने जाहीर केले. त्यांत ब्लॅक बेल्टमधील अनेक काउंट्या होत्या. ओळखपत्र सक्तीचे आणि ते देणारी खिडकी बंद, असा हा प्रकार होता. ओरड झाल्यावर निर्णय अंशतः मागे घ्यावा लागला.

२०२३ मध्ये वाऱ्याने दिशा बदलली. अलाबामाच्या सात मतदारसंघांपैकी केवळ एकातच काळ्या मतदारांना प्रभावी संधी ठेवणारा नकाशा सर्वोच्च न्यायालयाने, तोही ५ विरुद्ध ४ मतांनी, बेकायदा ठरवला. नव्या नकाशावर २०२४ मध्ये शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातून निवडून आले. टस्किगीच्या अठ्ठावीस बाजूंपासून सुरू झालेला हा वाद पासष्ट वर्षे उलटूनही त्याच परिसरात घुटमळतो आहे. २०१३ आणि २०२३ या दोन्ही निकालांत एका न्यायमूर्तीच्या मताचेच अंतर होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

रुळांच्या दोन बाजू

सेल्मा सोडून पश्चिमेला मेरिडियनमार्गे मिसिसिपीत शिरले की फिलाडेल्फिया हे लहानसे गाव लागते. २१ जून १९६४ रोजी मतदार नोंदणीच्या कामावर आलेल्या चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन तरुणांना इथे पोलिसांनी आधी अडकवले आणि मग क्लॅनच्या हाती दिले. ४४ दिवसांनी त्यांचे मृतदेह मातीच्या धरणात सापडले. मुख्य सूत्रधारावर सदोष मनुष्यवधाचा दोष सिद्ध होण्यास २१ जून २००५ उजाडला. त्या दिवशी हत्येला बरोबर ४१ वर्षे झाली होती. याच गावाने २००९ मध्ये जेम्स यंग यांना पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडले. बदल खोटा आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

वायव्येकडे डेल्टाचा सपाट प्रदेश पसरतो. यादवी युद्धाच्या काळात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि या प्रदेशांचा कापूस लँकेशायरला जाणे थांबले. तेव्हा इंग्रज गिरण्यांनी वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे मोर्चा वळवला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून शेअरबाजार कोसळला. आपल्या महानगराच्या घडणीत डेल्टाच्या गुलामांच्या घामाचा असा अदृश्य वाटा आहे.

डेल्टातील मनी या वस्तीत १९५५ च्या ऑगस्टमध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला, एका गोऱ्या बाईशी उद्धट वागल्याच्या आरोपावरून पळवून ठार मारण्यात आले. त्याच्या स्मृतिफलकावर वारंवार गोळ्या झाडल्या गेल्या म्हणून २०१९ मध्ये गोळीरोधक फलक बसवावा लागला. जवळच क्लीव्हलंड नावाचे गाव आहे. तिथे रेल्वेमार्गाच्या एका बाजूला काळे, दुसऱ्या बाजूला गोरे अशी वस्ती होती आणि दोन्ही बाजूंना वेगळी माध्यमिक शाळा. १९६५ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात २०१६ मध्ये न्यायालयाने दोन्ही शाळा एक करण्याचा आदेश दिला. २०१७ मध्ये एकत्र शाळा सुरू झाली. इतर अनेक गावांत मात्र १९६९-७० मध्ये न्यायालयाने शाळा तत्काळ एकत्र करायला लावल्याबरोबर गोऱ्या पालकांनी खासगी शाळा काढल्या. ज्या वर्गाकडे पैसा आणि वजन होते, त्याची मुले सरकारी शाळेतून गेली, आणि त्या शाळेसाठी कर भरण्याची त्याची इच्छाही गेली.

तेच रुग्णालयांचे. २०१० च्या आरोग्य कायद्याने गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेचा विस्तार करण्याचे ठरवले. २०१२ च्या निकालाने तो राज्यांच्या मर्जीवर सोडला. खर्चाचा ९० टक्के भार केंद्र उचलत असतानाही अलाबामा आणि मिसिसिपीने तो नाकारला; मिसिसिपीत २०२४ मध्ये झालेला प्रयत्नही विधिमंडळात फसला. विमा नसलेला रुग्ण दारात आला तर त्याला परत पाठवता येत नाही आणि त्याचे पैसे कुणी देत नाही, अशा कात्रीत छोटी रुग्णालये सापडली. ग्रीनवुडच्या रुग्णालयाने २०२२ मध्ये प्रसूती विभाग बंद केला. अलाबामातील थॉमसव्हिल येथे २०२० मध्ये सुरू झालेले नवे कोरे रुग्णालय चार वर्षांत बंद पडले. जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडला मोठी कात्री लावली आणि दुसऱ्या हाताने ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांकरिता ५० अब्ज डॉलरचा निधी ठेवला. बाळंतपणासाठी दुसरे गाव गाठावे लागणाऱ्या बाईला या हिशेबातून काय मिळेल, हाच खरा प्रश्न आहे.

नियती की निर्णय?

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. गावे केवळ दक्षिणेतच ओस पडली नाहीत; आयोवा-कॅन्ससमधील गोऱ्या शेतकऱ्यांची गावेही रिकामी होत आहेत. क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर १९४४ मध्ये कापूस वेचणाऱ्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हाच हजारो हातांचे काम संपण्याची चिन्हे दिसू लागली. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडून उत्तरेची आणि पश्चिमेची शहरे गाठली. यंत्र आणि बाजारपेठ यांपुढे कोणता मतदारसंघ टिकणार, असे कुणी म्हणेल.

हे खरे आहे, पण अर्धेच. यंत्राने काम नेले. शाळा, रुग्णालय, गटार आणि परवान्याची खिडकी यंत्राने नेली नाही. ते निर्णय विधिमंडळांत, खात्यांत आणि न्यायालयांत झाले. त्यांचा फटका केवळ काळ्यांना बसला असेही नाही. मेडिकेड नाकारल्याने गोरे गरीबही विम्याविना राहिले आणि रुग्णालय बंद झाले की ते सर्वांनाच बंद होते. वर्णद्वेषाने आखलेली रेघ शेवटी गोऱ्या गरिबाच्या दारावरूनही जाते, हे दक्षिणेच्या राजकारणाने त्याला आजवर उमगू दिलेले नाही.

निर्णयांनी चित्र उलटही फिरते, याचा पुरावा याच मिसिसिपीने दिला आहे. २०१३ मध्ये या राज्याने प्राथमिक शाळेतील वाचनाविषयी कायदा केला. शिक्षकांचे प्रशिक्षण, नियमित चाचण्या आणि मागे पडणाऱ्या मुलांकडे खास लक्ष यांवर सातत्याने भर दिला. त्या वेळी देशात तळाशी असलेले हे राज्य २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या वाचनात देशाच्या सरासरीच्या वर गेले. जनता तीच, दारिद्र्यही बरेचसे तेच. बदलला तो सरकारचा निश्चय.

मतदानाचा हक्क आणि जगण्याची साधने या दोन गोष्टी एकत्र आल्या नाहीत, तर लोकशाही विसंगतीत जगते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो भारताविषयी होता. पण सेल्मा आणि लाउंड्सला तो शब्दशः लागू पडतो. म्हणून व्हॅन घेऊन या निळ्या रस्त्यांवर जाणाऱ्याने बंद दुकानांची छायाचित्रे जरूर काढावीत. परंतु परवान्याचे कार्यालय कोठे आहे, प्रसूतीसाठी किती मैल जावे लागते, गटार कोणत्या घराशी थांबते, हेही विचारावे. या गावांना सहानुभूतीची उणीव कधीच नव्हती. ज्या टेबलावर नकाशा आखला जातो, तिथे त्यांना जागा हवी आहे, आणि त्या जागेसाठीची लढाई १९६५ मध्ये संपली नव्हती, हे या प्रवासात दर मैलाला जाणवते.